रेंज गेली? बोला बिनधास्त!

एकाच खोलीत दोघं बसलेत. दोघांचे फोन एकाच वाय-फायला जोडलेले, मध्ये जेमतेम एक टीपॉय. आता राउटरला आलेली इंटरनेटची वायर काढा, मोबाइल डेटाही बंद करा आणि एकाला सांगा, समोरच्याला व्हॉट्सॲप कॉल लाव. लागणार नाही. राउटर चालू आहे, वाय-फायच्या सगळ्या कांड्या भरल्यात, तरी गाडी पुढे सरकत नाही. कारण कॉल जुळवून देणारा सर्व्हर कंपनीकडे, कुठेतरी दूर. त्याला विचारल्याशिवाय टीपॉयपलीकडचा माणूस सापडत नाही! डिस्कॉर्डचीही तीच तऱ्हा.

खुद्द राउटरला मात्र इंटरनेटशी काही देणंघेणं नसतं. आपल्या हद्दीतले फोन एकमेकांना जोडून द्यायला तो एकटा समर्थ असतो. फक्त कॉल जुळवणारा सर्व्हरही त्याच हद्दीत आणून बसवायचा, की झालं. ट्रेकचा बेस कॅम्प, गणेशोत्सवाचा मांडव, तळघरातलं गोदाम, शाळेचं स्नेहसंमेलन... जिथे रेंज नाही, किंवा गर्दीमुळे असून नसल्यासारखी आहे, तिथे हा जुगाड कामाला येतो. आणि त्याच्या आजूबाजूला भन्नाट गोष्टींचा नुसता खजिना आहे.

पिशवीत मावणारं एक्स्चेंज

समजा, हौशी नाटकाचा स्पर्धेतला प्रयोग आहे. लाइटवाला प्रेक्षागृहाच्या पार मागच्या टोकाला, संगीतवाला विंगेत, नेपथ्याची पोरं पडद्यामागे. व्यावसायिक इंटरकॉम भाड्याने आणायला पैसे नाहीत. मग सामान एवढंच: घरात पडून असलेला राउटर, एक लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा इवलासा कॉम्प्युटर, आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन. लॅपटॉपवर मंबल या मोफत सॉफ्टवेअरचा सर्व्हर चालू करायचा आणि अँड्रॉइड फोनवर त्याच्याशी बोलणारं मम्ला नावाचं ॲप टाकायचं. तेही घरून निघायच्या आधीच. हॉलवर इंटरनेट नसताना ॲप उतरवणार कुठून? ॲपमध्ये लॅपटॉपचा पत्ता भरायचा. हा पत्ता राउटरच्या सेटिंगमध्ये पक्का करून ठेवावा, नाहीतर वीज जाऊन आली की राउटर लॅपटॉपला नवीनच पत्ता देऊन मोकळा होतो. सभासद नोंदवायला ना मोबाइल नंबर लागतो, ना ओटीपी. रेंज नसताना ओटीपी येणार तरी कसा, म्हणा!

मग इअरफोनमध्ये असं ऐकू येतं:

'दादा, पुढचा क्यू अंधाराचा. तयार?'

'तयार, ताई.'

'थांबा... थांबा... घ्या!'

स्टेज काळोखात. पहिल्या रांगेतल्या परीक्षकांना पत्ताही नाही, की विंगेत कोणी चकार शब्द काढला.

पत्त्यावरून आठवलं. हा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, आणि याच आकड्याचे पत्ते तुमच्या शेजाऱ्याकडे आहेत, सोलापुरातल्या सायबर कॅफेत आहेत आणि ब्राझीलमधल्या एखाद्या घरातही आहेत. फेब्रुवारी १९९६ मधल्या एका मानकाने असे काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. ते घराबाहेर चालतच नाहीत, म्हणून भांडण नाही.

फोनला येतो संशय

वाय-फायला जोडल्या जोडल्या अँड्रॉइड फोन एक काम गुपचूप करतो. गूगलच्या ठरावीक पत्त्यावर जाऊन टकटक करतो आणि '२०४' या क्रमांकाच्या उत्तराची वाट बघतो. २०४ म्हणजे 'निरोप पोचला, देण्यासारखं काही नाही'. हे रिकामं उत्तर आलं, तर इंटरनेट आहे. नाही आलं, तर फोन ठरवतो की हे वाय-फाय काही कामाचं नाही. काही फोन तर न विचारता मोबाइल डेटाकडे वळतात, आणि दुसऱ्या अंकाच्या ऐन मध्यात लाइटवाला टीममधून गायब! आयफोनही अशीच परीक्षा घेतो. त्याच्या पत्त्यावर 'सक्सेस' एवढाच शब्द लिहिलेलं पान असतं.

उपाय सोपा आहे. फोन विमान मोडवर टाकायचा, मग वाय-फाय तेवढं परत चालू करायचं, आणि 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का?' या प्रश्नाला हो म्हणायचं. भर प्रयोगात कुणाच्या तरी मावशीचा फोन वाजण्याची धास्तीही त्यामुळे जाते.

दुसरा सापळा 'गेस्ट' नेटवर्कचा. पाहुण्यांसाठीच्या या वाय-फायवर फोन एकमेकांना दिसूच नयेत अशी सोय बहुतेक राउटरमध्ये असते. सुरक्षेसाठी उत्तम, आपल्या कामासाठी कुचकामी. सर्व्हर नीट, ॲप नीट, तरी कुणीच जोडलं जात नसेल, तर मी आधी इथेच बघेन.

६४७३८चं गुपित

मंबल २००५ मध्ये आलं, थॉरवाल्ड नाट्विग यांनी लिहिलेलं, आणि आलं ते कॉम्प्युटरवर खेळ खेळणाऱ्यांसाठी. शत्रू मागून आला हे सांगायला अर्धा सेकंद लागला, तर सांगून उपयोग काय? म्हणून आवाज कमीत कमी उशिराने पोचवणं हेच त्याचं पहिलं काम. त्याचा सर्व्हर ज्या पोर्टवर ऐकत बसतो, त्याचा ठरलेला क्रमांक ६४७३८. ऐंशीच्या दशकात कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर बोटं चालवलेल्या मंडळींना हा आकडा झोपेतही आठवेल. त्या यंत्रावर 'सिस ६४७३८' असं टाइप केलं की स्क्रीन साफ व्हायची आणि कॉम्प्युटर नव्याने सुरू व्हायचा.

पाकीट चिठ्ठीच्या निम्म्याएवढं

आवाज वाय-फायवरून सलग वाहत जात नाही. त्याचे तुकडे होतात, साधारण २० मिलिसेकंदांचा एक, म्हणजे सेकंदाला ५०. आवाज २४ किलोबिटच्या दराने दाबला, तर एका तुकड्यात ६० बाइट मजकूर. त्यावर पत्त्याचं पाकीट किमान २८ बाइटचं! चिठ्ठी चिमुकली आणि पाकीट तिच्या निम्म्याएवढं, असा हा टपालखर्च.

दहा जणांची टीम आहे आणि एक जण बोलतोय. त्याच्याकडून सर्व्हरकडे सेकंदाला ५० पाकिटं, आणि सर्व्हरकडून उरलेल्या नऊ जणांना ४५०. एकूण ५००. आकारमान बघाल तर साडेतीनशे किलोबिटच्या आसपास. आजच्या राउटरला हे काहीच नाही. खरा प्रश्न असतो पाळीचा. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वाय-फायचा कायदा. प्रत्येक फोन आधी हवा ऐकतो. कुणी बोलत असेल तर गप्प बसतो. मग मनाशी एक आकडा टाकून मायक्रोसेकंद मोजत थांबतो आणि तेव्हा कुठे पाकीट टाकतो. म्हणून 'राउटर ३०० एमबीपीएसचा आहे' याला इथे फारसा अर्थ नाही. त्याच राउटरवर कुणी सिनेमा कॉपी करत बसला नाही ना, हे बघणं जास्त मोलाचं.

या शिस्तीचं मूळ हवाई बेटांवर आहे. नॉर्मन अब्रामसन हे प्राध्यापक लाटांवर स्वार व्हायच्या हौसेपोटी हवाईत नोकरीला गेले आणि १९७१ मध्ये त्यांच्या चमूने बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले. नाव ठेवलं अलोहानेट. नियम एकच: मनात आलं की पाठवा, टक्कर झाली तर थोडं थांबून परत पाठवा. गणित मांडल्यावर कळलं, की अशा बेशिस्तीत हवेचा जास्तीत जास्त १८ टक्केच वेळ सत्कारणी लागतो. 'आधी ऐका, मग बोला' ही शहाणपणाची पायरी त्यानंतरची.

आता एक उलटी गंमत. नऊ जणांना नऊ वेगळ्या प्रती पाठवण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना का नाही ओरडून सांगायचं? वायरच्या नेटवर्कवर तसं करणं झकास. पण वाय-फायवर सर्वांसाठीचं पाकीट सगळ्यात दूरच्या, सगळ्यात मंद फोनलाही कळावं म्हणून बहुतेक राउटर ते अगदी गोगलगायीच्या वेगाने सोडतात, आणि पोचलं का हे कुणी विचारतही नाही. पोच नाही, फेरपाठवणी नाही. काटकसर करायला जावं आणि आवाज तुटक व्हावा! वेगवेगळ्या प्रतीच बऱ्या.

हरवलेलं पाकीट परत मागवायचं की सोडून द्यायचं, हा प्रश्न तर इंटरनेटच्या जन्मापासूनचा आहे. १९७४ मध्येच अर्पानेट या पूर्वजावरून आवाजाचे तुकडे पाठवायचे प्रयोग झाले. डॅनी कोहेन त्यात आघाडीवर. ईमेलमधलं एक अक्षर हरवलं तर ते परत हवं. पण बोलण्यातला हरवलेला तुकडा अर्ध्या सेकंदाने हाती आला, तर तो घेऊन करायचं काय? कोहेन आणि त्यांच्यासारख्यांनी हा हट्ट लावून धरला, तेव्हा वाहतूक आणि खात्री ही कामं वेगळी झाली. १९८० मध्ये यूडीपी हा बेफिकीर टपालवाला आला. त्याचं मूळ मानक अवघं तीन पानांचं.

हाक आधी पोचते की वाय-फाय?

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे विंगेतून मारलेली हाक ३० मीटरवरच्या लाइटवाल्याकडे पोचायला ८७ मिलिसेकंद. रेडिओलहरीला तेवढ्याच अंतरासाठी एका मायक्रोसेकंदाचा दहावा भाग पुरतो. पण खरी दिरंगाई हवेत नसतेच, ती फोनच्या पोटात असते: माइककडून आवाज घेणं, तुकडा भरेपर्यंत थांबणं, दाबणं, पलीकडे उलगडणं. तरी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर संभाषणाला सहसा खुपत नाही, आणि घरचा सर्व्हर त्यात बसवणं अवघड नाही. ब्लूटूथ हेडसेट मात्र यावर पाणी फिरवतो. तो स्वतःचा उशीर वाढवतो, माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा खाली आणतो, आणि वर वाय-फायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लुडबुड करतो. दीडदोनशे रुपयांचा वायरवाला इअरफोन घ्या आणि निवांत राहा.

विसर्जन मिरवणुकीत शंभर मीटर पसरलेलं ढोल-ताशा पथक बघितलंय? पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत जायला जवळपास ०.३ सेकंद लागतात. नुसत्या कानावर विसंबलं तर ठेका घसरणारच. म्हणून तर नजर हाताच्या इशाऱ्यावर हवी.

आणि स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आला तर? बोबडी वळते, अगदी शब्दशः. काझुताका कुरिहारा आणि कोजी त्सुकादा या जपानी संशोधकांनी समोरच्याचा आवाज किंचित उशिराने त्याच्याच कानावर फेकणारं 'स्पीचजॅमर' नावाचं यंत्र बनवलं. भाषणबाज माणूस आपोआप अडखळतो! २०१२ मध्ये त्यांना ध्वनिशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनासाठीचं बक्षीस, मिळालं. आपल्या टीममध्ये एकाने जरी इअरफोन न लावता स्पीकर चालू ठेवला, तर बाकीच्या सगळ्यांवर हाच प्रयोग फुकटात होतो.

सात की साठ?

जुन्या फोनवर 'सात की साठ?' हे किती वेळा विचारावं लागायचं! पारंपरिक टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे नेतो. 'स', 'फ', 'श' यांचा पुष्कळसा फुत्कार त्याच्या वर असतो, तो वाटेतच गळतो. मंबल वापरतं तो ओपस कोडेक, म्हणजे आवाज दाबायची आणि उलगडायची पद्धत, थेट २० हजार हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. २०१२ मध्ये तो मानक झाला. स्काइपचं सिल्क आणि झिफ संस्थेचं सेल्ट यांचं ते लग्न. सहा किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठल्याही दराने चालतो आणि वापरायला एक पैसा पडत नाही. व्हॉट्सॲपवरची 'अगं ऐक ना' छापाची व्हॉइस नोटही ओपसमध्येच असते.

आवाज इतका स्वच्छ झाला, की दुसरंच संकट उभं राहिलं. कुणी बोलत नसताना लाइन एकदम मुकी झाली, तर पलीकडचा 'हॅलो? हॅलो?' करायला लागतो. म्हणून डिजिटल फोनमध्ये मुद्दाम हलकी खरखर भरतात. खोटी! तिच्यासाठी चक्क तांत्रिक मानकं आहेत.

वॉकी-टॉकीला कायदा, वाय-फायला मुभा

'एवढा खटाटोप कशाला, ऑनलाइन वॉकी-टॉकी मागवू की!' असं कुणीतरी म्हणतंच. सांभाळून. भारतात विनापरवाना चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे संच. त्याबाहेरच्यांना परवाना हवा, आणि स्वस्तात मिळणारे बरेच संच त्याबाहेर जातात. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावरून ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा धाडल्या. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र जानेवारी २००५ पासून ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत मोकळा आहे.

त्या मोकळिकीचा फायदा धरमशालाने विजेच्या वेगाने उठवला. फेब्रुवारी २००५ संपायच्या आत तिथल्या तिबेटी वस्तीत जाळीदार वाय-फायने आठ आवारं जोडली गेली. मध्ये डोंगर आडवे, वीज बेभरवशाची. एक राउटर बंद पडला तर निरोप दुसऱ्या वाटेने जाणार. पुढे याच कामातून एअरजल्दी ही संस्था उभी राहिली.

मोकळ्या पट्ट्यात गर्दी आलीच. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. बॅकस्टेजला कुणी वडे गरम करायला ठेवले, की इअरफोनमध्ये खरखर! पण नेहमीचा ओव्हन विजेच्या प्रत्येक फेरीत निम्माच वेळ आग ओकतो: आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे साधारण १० मिलिसेकंद चालू आणि १० बंद. त्या फटीतून काही पाकिटं सटकतात. ५ गिगाहर्ट्झवर गेलात तर ओव्हनपासून सुटका, पण तिथे रडारचा मान मोठा. काही चॅनेलवर राउटरला सुरू होण्याआधी पूर्ण मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं, आणि मध्येच रडार जाणवलं तर चॅनेल सोडून निघावं लागतं. प्रयोगासाठी असले चॅनेल नकोतच.

अंतराचं म्हणाल, तर व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये दोन डोंगरांमध्ये ३८२ किलोमीटरचा वाय-फाय दुवा जोडून दाखवला. रस्त्याने मुंबईहून कोल्हापूर गाठावं, जवळजवळ तेवढं! पण तिथे मोठ्या अँटेना होत्या, मधली हवा मोकळी होती आणि राउटरला 'पोच यायला वेळ लागेल, धीर धर' असं शिकवावं लागलं होतं. तुमच्या मांडवात मध्ये पाचशे माणसं असतात, आणि माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात मस्त जिरतो. रिकाम्या हॉलमध्ये चाचणी झकास होते आणि हॉल हाउसफुल झाला की मागची ओळ तुटते, ती यामुळे. राउटर टेबलाखाली नको, डोक्यांच्या वर टांगा.

चंद्रावरची 'बीप'

अपोलो मोहिमांच्या ध्वनिफितीत ह्यूस्टनच्या प्रत्येक वाक्याच्या आगेमागे 'बीप' ऐकू येते. तो शिष्टाचार नव्हता, बटण होतं! पृथ्वीवर ठिकठिकाणच्या प्रक्षेपकांना 'आता चालू हो' सांगायला २५२५ हर्ट्झचा पाव सेकंदाचा सूर आणि 'बंद हो' सांगायला २४७५चा. दाबा आणि बोला, सोडा आणि ऐका.

मंबलमध्येही हीच पद्धत निवडावी, असं माझं ठाम मत. 'आवाज आला की माइक आपोआप चालू' हा पर्याय ऐकायला छान आहे, पण नाट्यगृहात पहिली टाळी पडली की सगळ्यांचे माइक एकदम उघडतात आणि क्यू बुडतो.

बटाटा, भूकंप आणि बॅटरी

स्वतःचं एक्स्चेंज उभारायचा जुगाड मंबलच्याही आधीचा. ॲस्टेरिस्क हे मोफत टेलिफोन एक्स्चेंज सॉफ्टवेअर १९९९ मध्ये जन्माला आलं, कारण मार्क स्पेन्सर या तरुणाला स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी एक्स्चेंज विकत घेणं परवडेना. बसला आणि लिहून काढलं.

२०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, टॉवर कोसळले. ते बघून ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाचे पॉल गार्डनर-स्टीफन यांनी सर्व्हल प्रकल्प उभा केला: टॉवर नको, फोनने फोनशी वाय-फायवरून बोलायचं. दक्षिण आफ्रिकेत स्टीव्ह साँग यांच्या व्हिलेज टेल्कोने 'मेश पोटॅटो' नावाची डबी काढली. तिला साधा टेलिफोन जोडायचा आणि शेजारच्या डबीवाल्याला फोन लावायचा. तिचं यंत्र घडवणाऱ्या डेव्हिड रो यांनी पुढे कोडेक २ लिहिला, जो आवाज सेकंदाला ७०० बिटपर्यंत दाबतो. म्हणजे मिनिटभराचं बोलणं पाच किलोबाइटच्या आसपास!

दक्षिण आफ्रिकेतल्याच मांकोसी गावच्या लोकांनी झेनझेलेनी नावाची सहकारी संस्था काढली, २०१४ मध्ये नोंदवली. गावातल्या गावात बोलणं तिच्या वाय-फाय जाळ्यावर होऊ लागलं. पण कमाईचा एक मार्ग निघाला भलताच. जाळ्यासाठी सौर पॅनेल बसवले होते, त्यांवर गावकरी पैसे देऊन मोबाइल चार्ज करून न्यायला लागले.

विजेचा विषय निघालाच आहे, तर रास्पबेरी पायवाल्यांसाठी एक सूचना. पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. ते वेळ इंटरनेटला विचारून घेतात. इंटरनेट नसेल तर बंद झाल्या वेळेपासूनच पुढे मोजायला लागतात, आणि सर्व्हरच्या नोंदवहीत आजचा प्रयोग मागच्या महिन्यात झालेला दिसतो. पाय ५ मध्ये घड्याळ आलंय. त्याचा सेल मात्र वेगळा विकत घ्यावा लागतो.